शालेय भालाफेक: स्पर्धेचे नियम सरावालाही बंधनकारक असावेत का?

रानवाट

नमस्कार. ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत नीरज चोप्राने ८७.५८ मीटरची फेक करून सुवर्णपदक मिळवले आणि त्यानंतर आमच्या भागातील शाळांमध्ये भालाफेकीसाठी नाव देणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढत गेली. शालेय स्पर्धांमध्ये स्वयंसेवक म्हणून काम करताना मला याचा मनापासून आनंद होतो, आणि त्याच वेळी काळजीही वाटते.

सप्टेंबर २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात सराव चालू असताना डोक्याला भाला लागून एका शाळकरी मुलाचा मृत्यू झाला. बातम्यांनुसार तो बुटाची नाडी बांधण्यासाठी खाली वाकला होता. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये ओडिशातील बलांगीर जिल्ह्यात शाळेच्या क्रीडास्पर्धेत एका विद्यार्थ्याच्या मानेत भाला घुसला होता. सुदैवाने तो वाचला. अशा घटनांनंतर दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक म्हणजे हा खेळ शाळेतून काढून टाका, आणि दुसरी म्हणजे हा निव्वळ अपघात होता, त्याला कोण काय करणार. मला दोन्ही मान्य नाहीत. भाला फेकणाऱ्याच्या हातात असतो तेव्हा सर्वांचे लक्ष त्याच्याकडे असते. धोका त्यानंतरच्या वेळात असतो, जेव्हा कोणी भाला आणायला निघालेले असते, कोणी पाठ फिरवून बोलत असते आणि पुढच्याने धाव सुरू केलेली असते. स्पर्धेत यासाठी पंच, झेंडे आणि दोऱ्या असतात. सरावात बहुतेक ठिकाणी काहीच नसते, आणि मुले स्पर्धेपेक्षा सरावात कितीतरी अधिक वेळा भाला फेकतात. म्हणून विचारतो: स्पर्धेचे नियम शाळेने सरावालाही बंधनकारक करावेत का, आणि ते प्रत्यक्षात शक्य आहे का?

पांढरा_झेंडा

रानवाट, प्रश्न योग्य वेळी मांडलात. मी अनेक वर्षे फेकींच्या स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम केले आहे, त्यामुळे नियम नेमके काय सांगतात ते आधी लिहितो. आपल्याकडे नियम म्हटले की लोकांना फक्त फाऊल आठवतो.

धावपट्टी किमान ३० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद असते. तिच्या टोकाला ८ मीटर त्रिज्येचा कंस असतो, आणि त्या वर्तुळाच्या केंद्रातून निघालेल्या दोन रेषांमध्ये २८.९६ अंशांचे क्षेत्र आखलेले असते. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामुळे आखणी सोपी होते: केंद्रापासून जितके अंतर, त्याच्या निम्मी क्षेत्राची रुंदी. म्हणजे केंद्रापासून २० मीटरवर दोन रेषा १० मीटर दूर असतात आणि ८० मीटरवर ४० मीटर. शाळेत कोन मोजण्याचे साधन नसले तरी एक मोजपट्टी आणि दोन खुंट्या असल्या की ही आखणी करता येते.

भाला दोरी गुंडाळलेल्या पकडीवर एकाच हाताने धरावा लागतो, तो खांद्यावरून किंवा दंडाच्या वरच्या भागावरून सुटला पाहिजे, आणि धाव सुरू झाल्यापासून भाला सुटेपर्यंत खेळाडूची पाठ कंसाकडे पूर्णपणे वळता कामा नये. क्षेत्रात भाल्याचे टोक सर्वांत आधी जमिनीला लागले पाहिजे. हे सर्वांना ठाऊक असते. ज्यांच्याकडे दुर्लक्ष होते ते नियम वेगळेच आहेत. स्पर्धेपूर्वीच्या सराव-फेकी ठरलेल्या क्रमानेच आणि पंचांच्या देखरेखीखालीच करायच्या असतात. स्पर्धा सुरू झाल्यावर धावपट्टी, साधने किंवा क्षेत्र सरावासाठी वापरायला परवानगी नसते. आणि प्रत्येक फेकीनंतर भाला हातात धरून चालत परत आणायचा असतो, तो कधीही परत फेकायचा नसतो. शाळेच्या मैदानावर मी सर्वाधिक वेळा मोडलेला पाहिलेला नियम हा शेवटचा आहे. दोन मुले समोरासमोर उभी राहून एकमेकांकडे भाले फेकतात, कारण त्यामुळे चालण्याचे श्रम वाचतात. ही पद्धत दिसली की तत्काळ सराव थांबवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सायलीची_आई

माझी मुलगी सातवीत आहे आणि तिला भालाफेक शिकायची आहे, म्हणून हा धागा मी फार लक्षपूर्वक वाचते आहे. पांढरा_झेंडा काका, आपण लिहिलेले सर्व नियम बरोबर असतील, पण ते प्रशिक्षित पंच आणि आखलेले मैदान गृहीत धरतात. शाळेत मधल्या सुट्टीत किंवा शाळा सुटल्यावर मोठ्या वर्गातील मुले साहित्याच्या खोलीतून भाले काढतात आणि त्याच मैदानावर लहान मुले खेळत असतात. नियम पाळणारे कोणी नसेल तर धातूचे टोक असलेली वस्तू मुलांच्या हाती द्यायचीच कशाला? निदान चौदा वर्षांखालील मुलांसाठी हा प्रकार बंद असावा, असे मला वाटते.

खरीप_मैदान

मी मराठवाड्यातील एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. ताईंची भीती अवाजवी नाही, पण बंदीने प्रश्न सुटणार नाही, कारण मुले भाला फेकणे थांबवत नाहीत. ती शिक्षकांच्या नजरेआड बांबूचे भाले करून फेकतात. नजरेआड फेकण्यापेक्षा समोर फेकलेले बरे.

आमची अडचण मात्र खरी आहे आणि ती येथे मांडतो. मैदान एक, शिक्षक एक, आणि त्याच तासाला गोळाफेक, लांब उडी, कबड्डी व भालाफेक यांची तयारी. स्पर्धा जवळ आली की सगळेच एकदम सुरू करावे लागते. मी माझ्यापुरता एक निर्णय घेतला आहे: भाल्याचा सराव सुरू असेल तर मैदानावर दुसरे काहीही चालणार नाही, आणि मी स्वतः कंसाजवळ उभा असेन तरच भाले खोलीबाहेर येतील. त्यासाठी भाल्याला आठवड्यात कमी वेळ मिळतो, ही तक्रार मुले करतात आणि ती मी ऐकून घेतो.

सरावाची माझी पद्धत अशी: सगळी मुले एका रेषेवर, प्रत्येकात चांगले चार मीटर अंतर. पहिल्या शिट्टीला फेक, दुसऱ्या शिट्टीपर्यंत कोणीही रेषा ओलांडायची नाही. शेवटचा भाला जमिनीला लागल्यानंतरच दुसरी शिट्टी. मग सर्वांनी चालत जायचे, धावत नाही. धावत न जाण्याचे कारण मुलांना एकदा नीट समजावून सांगितले की ती पाळतात: जमिनीत रुतलेल्या भाल्याचे शेपूट तिरके आणि नेमके चेहऱ्याच्या उंचीवर असते, आणि धावणाऱ्याला ते समोरून केवळ ठिपक्याएवढे दिसते. डोळा जाऊ शकतो. भाला उपटण्यापूर्वी मागे कोणी नाही हे पाहायचे, तो आधी उभा करायचा आणि मग सरळ वर ओढायचा. परत येताना टोक खाली आणि भाला उभा धरायचा.

कोरडी_विहीर

खरीप_मैदान सरांशी पूर्ण सहमत. एवढेच जोडतो की भाले कुलपात ठेवून किल्ली शिक्षकांकडेच असावी. वर्गप्रमुखाकडे ती देण्याची पद्धत अनेक शाळांत आहे, आणि ती बंद झाली तर सायलीच्या आईंनी मांडलेल्या अडचणीचा मोठा भाग तेथेच संपेल.

जुनी_नोंदवही

सुरक्षिततेसाठी नियम बदलण्याची या खेळात मोठी परंपरा आहे, म्हणून थोडे मागे जाऊन लिहितो. १९५६ मध्ये स्पेनच्या बास्क प्रांतातील फेलिक्स एराउस्किन याने गिरकी घेऊन भाला फेकण्याची शैली पुढे आणली. हाताला साबणाचे पाणी लावायचे, म्हणजे भाला तळव्यातून सरकत जातो. मिगेल दे ला क्वाद्रा-साल्सेदो याने त्या शैलीने ११२ मीटरच्या पुढे भाला फेकला, पण ती नोंद कधीच ग्राह्य धरली गेली नाही. गिरकीतून सुटलेला भाला कोणत्या दिशेला जाईल याचा भरवसा नसल्यामुळे मेलबर्न ऑलिंपिकच्या आधीच ही शैली नियमांनी अडवली गेली. पाठ कंसाकडे वळवू नये, या पांढरा_झेंडा यांनी सांगितलेल्या नियमामागे ही पार्श्वभूमी आहे.

दुसरा बदल अधिक प्रसिद्ध आहे. २० जुलै १९८४ रोजी पूर्व बर्लिनमध्ये उवे होनने १०४.८० मीटर फेक केली. त्या काळचे भाले दूरवर तरंगत जायचे आणि अनेकदा सपाट पडायचे, त्यामुळे टोक आधी लागले की नाही यावर वाद व्हायचे. आणि आता तर मैदानाची लांबीच अपुरी पडण्याची वेळ आली होती. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकवण्यात आला. त्यामुळे भाला लवकर खाली झुकतो आणि टोकावर उतरतो. नव्या भाल्याचा पहिला विश्वविक्रम क्लाउस टाफेलमायर याचा, ८५.७४ मीटरचा. पुढे निर्मात्यांनी शेपटाचा पृष्ठभाग खडबडीत करून गेलेले अंतर परत मिळवायला सुरुवात केली, तेव्हा १९९१ मध्ये तेही बंद झाले आणि सेप्पो रेटीचा ९६.९६ मीटरचा विक्रम रद्द करण्यात आला. महिलांच्या भाल्यात असाच बदल १९९९ मध्ये झाला. यान झेलेझनीने १९९६ मध्ये केलेला ९८.४८ मीटरचा विक्रम नव्या भाल्याचा आहे आणि तो अजून अबाधित आहे.

अभ्यंकर_वाडा

माहिती उत्तम आहे, परंतु शाळेतल्या मुलाची फेक तीस-चाळीस मीटरची असते. त्याला गुरुत्वमध्य पुढे गेल्याने काय फरक पडतो? धागा विक्रमांकडे वळू नये, अशी विनंती.

जुनी_नोंदवही

आपली विनंती मान्य आहे, पण संबंध आहे आणि तो सांगतो. विश्वविक्रम मोडीत निघाले, खेळाडू नाराज झाले, निर्मात्यांचे नुकसान झाले, तरी खेळाने साधन बदलले. शाळेत साधन बदलण्याचा विचारही आपण करत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे अठरा वर्षांखालील गटात, ७०० ग्रॅमचा आणि मुलींसाठी ५०० ग्रॅमचा भाला ठरलेला आहे. प्रौढ पुरुषांचा ८०० आणि महिलांचा ६०० ग्रॅमचा असतो. तरीही शाळेत एकच जुना ८०० ग्रॅमचा भाला सर्वांच्या हाती दिला जातो. जड भाला पेलत नाही म्हणून कोपर खाली येते, खांदा दुखावतो आणि भाला आडवा सुटतो. वयानुसार वजन ठेवणे हा सुरक्षिततेचाच नियम आहे. अमेरिकेत निम्म्याहून कमी राज्यांत शालेय भालाफेक होते आणि तेथे काही ठिकाणी रबरी टोकाचे भाले वापरतात. लहान मुलांसाठी मऊ टोकाचे, आखूड प्लॅस्टिकचे भालेही मिळतात. सायलीची_आई यांच्या प्रश्नाचे मला सुचणारे उत्तर हे आहे: चौदा वर्षांखालील मुलांना खेळ द्यावा, धातूचे टोक देऊ नये.

राइनकाठ

मी जर्मनीत राहतो आणि येथे एका मंडळात हौसेने सुरीफेक करतो. भारतात हा खेळ फारसा कोणी स्पर्धा म्हणून खेळत नाही, पण युरोपात त्याच्या नियमित स्पर्धा होतात, आणि या चर्चेला उपयोगी पडेल असे त्यात काही आहे. लाकडाच्या ओंडक्याची गोल चकती उभी केलेली असते, तंतू फेकणाऱ्याच्या दिशेने, म्हणजे सुरी सहज रुतते. मधल्या १० सेंटिमीटर वर्तुळाला ५ गुण, आणि बाहेरच्या प्रत्येक कड्याला एकेक कमी. सुरी नीट लागली नाही तर ती उसळून उलटी येते, म्हणून प्रेक्षकांना मागे आणि बाजूला बऱ्याच अंतरावर ठेवतात आणि बंद बुटांशिवाय कोणाला उभे राहू देत नाहीत.

पहिल्या दिवशी नवख्याला सुरी कशी धरायची हे शिकवण्याआधी एक गोष्ट शिकवतात: शेजाऱ्याच्या हातात एकही सुरी शिल्लक असेपर्यंत रेषेच्या पुढे पाऊल टाकायचे नाही. तुमच्या तिन्ही सुऱ्या फेकून झाल्या तरी थांबायचे. सर्वांचे हात रिकामे झाले की एक जण मोठ्याने सांगतो आणि सगळे एकत्र पुढे जातात. खरीप_मैदान सर दोन शिट्ट्यांनी हेच करत आहेत. एकाच माणसाचा आवाज आणि सर्वांचे रिकामे हात, एवढ्यावर येथील सगळी व्यवस्था उभी आहे.

मात्र प्रशिक्षित पंच असले की काळजी मिटते, असे कोणी समजू नये. ऑगस्ट २०१२ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे युवकांच्या स्पर्धेत ७४ वर्षांचे अनुभवी पंच भाला हवेत असतानाच मोजणीसाठी पुढे निघाले, तो त्यांच्या गळ्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले. फेकणारा मुलगा १५ वर्षांचा होता. त्या मुलाचाही विचार मनात येतो.

पांढरा_झेंडा

राइनकाठ यांनी सांगितलेली घटना पंचांच्या प्रत्येक प्रशिक्षणात सांगितली गेली पाहिजे. त्यामागचे कारण कळावे म्हणून थोडे गणित. चाळीस मीटर जाणारा भाला हातातून सुटताना ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने जातो आणि साधारण अडीच सेकंदांत जमिनीवर येतो. ज्याच्याकडे तो थेट येतो त्याला त्याची लांबी दिसतच नाही, फक्त टोकाचा ठिपका दिसतो, आणि तो जवळ येतो आहे की दूर जातो आहे हे डोळ्याला ठरवता येत नाही. म्हणून क्षेत्रातील पंचाने रेषेच्या बाहेर, बाजूला उभे राहावे आणि भाला जमिनीला लागेपर्यंत त्यावरून नजर काढू नये.

रेषेबाहेर उभे राहणेही दर वेळी पुरत नाही. १३ जुलै २००७ रोजी रोममध्ये फिनलंडचा टेरो पिटकामाकी याचा पाय घसरला, भाला डावीकडे भरकटला आणि लांब उडीच्या जागेजवळ असलेल्या फ्रान्सच्या सालिम स्दिरीला लागला. त्याच्या यकृताला आणि मूत्रपिंडाला इजा झाली. तो बरा झाला आणि २००९ मध्ये त्याने ८.४२ मीटर लांब उडी मारली, हे मला नेहमी सांगावेसे वाटते. जगातील उत्तम मैदानावर, उत्तम खेळाडूच्या हातून असे घडू शकते, तर शाळेत क्षेत्राच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून दोरी बांधणे अनिवार्यच आहे.

आणखी एक. ऑक्टोबर २०१९ मध्ये केरळमधील पाला येथे राज्यस्तरीय कनिष्ठ स्पर्धेत भाला आणि हातोडा या दोन फेकी एकाच वेळी चालू होत्या. भाल्याच्या बाजूला काम करणाऱ्या विद्यार्थी स्वयंसेवकाला हातोडा लागला आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. फेकीच्या दोन स्पर्धा एकाच वेळी शेजारी चालवू नयेत, आणि विद्यार्थ्यांना क्षेत्रात भाले वेचायला उभे करू नये. तालुका स्पर्धा एका दिवसात संपवायच्या घाईत आपल्याकडे या दोन्ही गोष्टी सर्रास होतात, हे मी अत्यंत दुःखाने लिहितो.

निळी_पेटी

मी ग्रामीण भागात वैद्यकीय व्यवसाय करते. प्रथमोपचाराबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. भाला शरीरात रुतला असेल तर तो ओढून काढू नका. पाहणाऱ्याचा हात आपोआप तिकडे जातो, पण रुतलेली वस्तू अनेकदा फाटलेली रक्तवाहिनी दाबून ठेवत असते आणि ती काढताच रक्तस्राव आवरेनासा होतो. जखमीला हलवू नका, भाल्याभोवती दोन्ही बाजूंनी स्वच्छ कापडाच्या घड्या लावून तो स्थिर धरा आणि ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. लांब दांडा हलला तर आतील जखम वाढते, म्हणून एका मोठ्या माणसाने रुग्णालयापर्यंत तो आधार देऊन धरला पाहिजे. डोक्याला ओझरता मार लागला आणि मूल बोलत-चालत असले तरीही त्याला रुग्णालयात न्यावेच. सराव सुरू करण्यापूर्वी जवळचे शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय कोणते आणि तेथे पोहोचायला किती वेळ लागतो, हे क्रीडाशिक्षकांना माहीत असायला हवे.

सायलीची_आई

सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. जुनी_नोंदवही यांनी सुचवलेले मऊ टोकाचे भाले मला पटले, आणि लहान मुलांसाठी माझा आग्रह आता तेवढाच आहे. मात्र मोठ्या मुलांबाबत माझी एक अट कायम आहे. शिक्षक रजेवर असतील त्या दिवशी भाले बाहेर येणार नाहीत, हे शाळेने पालकांना लेखी द्यावे. दोन शिट्ट्यांची शिस्त एका चांगल्या शिक्षकावर अवलंबून आहे. ते नसताना काय, याचे उत्तर शाळेने द्यायचे आहे.

खरीप_मैदान

ताई, ही अट मी आमच्या मुख्याध्यापकांसमोर ठेवतो. ती योग्य आहे. लेखी असले तर मलाही बळ मिळेल, कारण स्पर्धा तोंडावर आल्यावर मी नसताना सराव घ्या म्हणून वरूनच सांगितले जाते.

रानवाट

चर्चा जिथे पोहोचली आहे तिथून मूळ प्रश्नाकडे येतो. स्पर्धेचे सगळे नियम सरावाला लागू करणे शक्य नाही, हे मला पटले. पंचांचा ताफा शाळेत येणार नाही. पण येथे जे पुन्हा पुन्हा आले ते एका शिक्षकाला आणि एका दोरीला झेपण्यासारखे आहे: भाल्याच्या वेळी मैदान पूर्ण रिकामे, फेकीची आणि आणण्याची वेळ एकाच शिट्टीच्या ताब्यात, चालत जाणे-येणे, वयानुसार वजन, लहानांना मऊ टोक, आणि किल्ली शिक्षकांकडे. यात निळी_पेटी यांचा परिच्छेद जसाच्या तसा जोडून मी एक पानी मसुदा तयार करतो आणि तालुका क्रीडा समितीच्या बैठकीत मांडतो. सायलीच्या आईंची लेखी हमीची अट त्यात पहिल्या क्रमांकावर असेल. पांढरा_झेंडा काका, मसुदा आपण एकदा तपासून द्याल का?

पांढरा_झेंडा

अवश्य पाठवा. दोन गोष्टी त्यात घाला. पाऊस पडून गेल्यावर धावपट्टी आणि पकड ओली असेल तर सराव घेऊ नये. पकड कोरड्या कापडाने पुसूनच भाला हातात घ्यावा. आणि बोटांना चिकटपट्टी लावायची झाल्यास दोन बोटे एकत्र बांधू नयेत. ते नियमाविरुद्ध तर आहेच, शिवाय त्यामुळे भाला सुटण्याची दिशा बदलते.

कोरडी_विहीर

मसुद्यासाठी एक प्रश्न. आमच्या गटात एक मुलगी डावखुरी आहे. रेषेवर तिला कोठे उभे करावे?

खरीप_मैदान

फेकीच्या दिशेला तोंड केले असता अगदी डाव्या टोकाला. तेथे तिचा फेकण्याचा हात मोकळ्या बाजूला राहतो आणि भाला मागे नेताना शेजाऱ्याच्या भाल्याला अडत नाही. तिच्या डावीकडे कोणी उभे राहणार नाही, एवढे मात्र दर फेकीपूर्वी पाहावे.